व्हिडिओ जुना होतो, मॅन्युअल तुमच्या मशिनमध्येच असतं: ईमॅक्समधल्या ॲड-ऑनची मदत कशी शोधायची



आजच्या व्हिडिओत मी कळा जरा भराभर दाबल्यात. म्हणून इथे सगळं सावकाश लिहून देतोय. चहा घ्या, लॅपटॉप उघडा, आणि वाचता वाचता एकेक कळ दाबून बघा. नुसतं वाचून हे डोक्यात बसणार नाही, हे आधीच सांगतो.

सुरुवात माझ्या एका चुकीपासून करतो.

मागच्या महिन्यात रविवारी दुकानदारांची बॅच होती. सात जण. त्यात एक काका होते, हार्डवेअर आणि प्लंबिंगच्या सामानाचं दुकान. ते ठेकेदारांना कोटेशन देतात आणि खाली अटी लिहितात: जीएसटी वेगळा, निम्मे पैसे आगाऊ, कापलेला पाइप परत घेतला जाणार नाही. या अटी जशा टाइप केल्या तशाच, ओळीला ओळ छापल्या जाव्यात म्हणून ऑर्ग मोडमध्ये त्या 'एक्झाम्पल ब्लॉक'मध्ये ठेवतात. तो ब्लॉक झटक्यात कसा टाकायचा हे मी २०१९ च्या एका व्हिडिओत दाखवलं होतं: 'पेक्षा लहान'चं चिन्ह, मग ई, मग टॅब. झालं.

काकांच्या मशिनवर काहीच होत नव्हतं. चिन्ह आणि ई तसेच पडून राहायचे. त्यांनी व्हिडिओ कितीतरी वेळा बघितला, दोनदा ईमॅक्स काढून पुन्हा टाकलं, तीन रात्री जागले. वर्गात मला म्हणाले, "सर, माझं वय झालं आता. माझंच काहीतरी चुकत असणार. वहीच बरी होती."

मला लाज वाटली. कारण काकांचं काहीही चुकलं नव्हतं. व्हिडिओ केला तेव्हा माझ्याकडे ईमॅक्स २६ होतं. ऑर्ग मोडच्या ९.२ आवृत्तीपासून हा शॉर्टकट आपोआप चालू नसतो, आणि ईमॅक्स २७ पासून नवीन ऑर्ग मोड सोबत येतो. काकांकडे नवीन ईमॅक्स होतं. मी शिकवलं ते जुन्या आवृत्तीचं, आणि दोष त्यांनी स्वतःला दिला.

हॉलमध्ये नेट नव्हतं. तरीही उत्तर दोन मिनिटांत सापडलं, तेही काकांच्याच लॅपटॉपवर. ते कसं, हेच आज शिकायचंय.

आधी दोन शब्द: हे एडिटर आहे तरी काय?

ईमॅक्स म्हणजे मजकूर लिहायचं सॉफ्टवेअर. जीएनयू ईमॅक्स रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८५ मध्ये लोकांसमोर आणलं. त्याची खासियत अशी की त्याला नवीन कामं शिकवता येतात, म्हणजे ॲड-ऑन जोडता येतात. ऑर्ग मोड हे असंच जोडकाम. कार्स्टन डोमिनिक या खगोलशास्त्रज्ञाने २००३ मध्ये स्वतःच्या नोंदींसाठी ते सुरू केलं, आणि ईमॅक्स २२ पासून ते ईमॅक्सबरोबरच येतं. आपण ते उधारीची यादी, रोजची कामं आणि कोटेशनसाठी वापरतो.

ईमॅक्स स्वतःला 'स्वतःची माहिती स्वतः देणारं' एडिटर म्हणवतं. ही जाहिरात नाही. प्रत्येक कमांडसोबत तिचं वर्णन आत साठवलेलं असतं. तुम्ही विचारायचं, ते सांगतं. आणि महत्त्वाचं म्हणजे, ते तुमच्या मशिनवर जी आवृत्ती आहे तिचं सांगतं.

कळा कशा वाचायच्या

- 'कंट्रोल-एच' म्हणजे कंट्रोल दाबून धरायचं आणि एच दाबायचं. 'कंट्रोल-एच, मग एम' म्हणजे आधी ते दोन्ही सोडायचं, मग नुसतं एम.
- 'ऑल्ट-एक्स' म्हणजे ऑल्ट धरून एक्स. खाली एक ओळ उघडते, तिथे कमांडचं नाव टाइप करून एंटर.
- 'मोठा पी' म्हणजे शिफ्ट धरून पी. मोठा पी आणि छोटा पी ही दोन वेगळी कामं आहेत, गल्लत करू नका.
- कमांडची नावं मी इथे देवनागरीत लिहिलीत. टाइप करताना इंग्रजी स्पेलिंग, शब्दांमध्ये डॅश. दोन-तीन अक्षरं टाकून टॅब दाबलंत की ईमॅक्स नाव पुरं करतं किंवा जुळणारी नावं दाखवतं.
- काही भलतंच उघडलं तर कंट्रोल-जी. घाबरायचं नाही.

काही टर्मिनलमध्ये कंट्रोल-एच दाबल्यावर अक्षर खोडलं जातं. तिथे एफ-१ दाबा, काम तेच होतं.

पायरी १: "मी आत्ता कुठे उभा आहे?"

तुमची उधारीची ऑर्ग फाइल उघडा. कर्सर त्या फाइलमध्ये ठेवा. आता कंट्रोल-एच, मग एम.

बाजूला एक खिडकी उघडेल. त्यात या फाइलवर कोणकोणते मोड चालू आहेत, प्रत्येकाचं वर्णन, आणि कोणत्या कळेने काय होतं याची यादी मिळते. हे ॲड-ऑनच्या मदतीचं मुख्य दार आहे.

इथे नवशिके एक चूक हमखास करतात. ईमॅक्स उघडल्याबरोबर, कोरं पान समोर असताना ही कळ दाबतात आणि म्हणतात, "ऑर्गचं काहीच दिसत नाही." दिसणार कसं? ही कळ फक्त समोरच्या फाइलबद्दल सांगते. किराण्याच्या रॅकसमोर उभं राहून खिळ्यांचा भाव विचारण्यासारखं आहे ते. आधी योग्य फाइलमध्ये जा, मग विचारा.

वाचून झालं की कंट्रोल-एक्स, मग ओ दाबून त्या खिडकीत जायचं आणि क्यू दाबून ती बंद करायची.

पायरी २: "ही कळ काय करते?"

कंट्रोल-एच, मग के, मग जी कळ विचारायची ती. समजा, कंट्रोल-सी आणि मग अधिकचं चिन्ह. ईमॅक्स ती कळ चालवत नाही, फक्त सांगतं: ही 'ऑर्ग-टेबल-सम' कमांड आहे, टेबलच्या स्तंभातल्या आकड्यांची बेरीज करते, उत्तर खाली दाखवते आणि कंट्रोल-वाय दाबून ते हवं तिथे चिकटवता येतं. एवढं सगळं एका कळेत!

(आपल्या कामाची सूचना: बेरीज हवी असेल तर आकडे इंग्रजी अंकांत आणि मध्ये स्वल्पविराम न देता लिहा. देवनागरी अंक बेरजेत धरले जात नाहीत, आणि स्वल्पविराम असला की त्याच्यापुढचा आकडा सुटतो. उधारीची बेरीज चुकली तर नुकसान आपलंच.)

याच्याच जोडीला एक युक्ती. कळ अर्धीच आठवतेय? 'कंट्रोल-सी, कंट्रोल-एक्स... पुढे काय होतं?' अशा वेळी तेवढं दाबा आणि पुढे कंट्रोल-एच दाबा. त्या सुरुवातीच्या सगळ्या कळांची यादी समोर येते. मला ही युक्ती फार उशिरा कळली. कळल्यावर भिंतीवर चिकटवलेला शॉर्टकटचा कागद काढून टाकला.

पायरी ३: "काम माहीत आहे, कमांडचं नाव माहीत नाही"

बहुतेक वेळा आपली अडचण हीच असते. कंट्रोल-एच, मग ए. आता कामाचे एक-दोन इंग्रजी शब्द टाका. ऑर्गमधली बेरीज शोधायची असेल तर 'ऑर्ग' आणि 'सम', मध्ये जागा सोडून. ज्या कमांडच्या नावात हे शब्द आहेत त्यांची यादी येते, प्रत्येकीपुढे एका ओळीचं वर्णन. हवी त्या नावावर एंटर.

नावात तो शब्दच नसेल तर? मग कंट्रोल-एच, मग डी. हे नावात नाही, वर्णनात शोधतं.

आणि नाव पक्कं माहीत असेल तर कंट्रोल-एच, मग एफ, आणि नाव. सेटिंगबद्दल विचारायचं असेल तर एफच्या जागी व्ही.

लक्षात ठेवा: एखादं ॲड-ऑन अजून चालूच झालेलं नसेल, तर त्याच्या सगळ्या कमांड या यादीत दिसतीलच असं नाही. म्हणून पुन्हा तेच: आधी त्या प्रकारची फाइल उघडा.

पायरी ४: पूर्ण पुस्तक

वरच्या तीन पायऱ्यांत सुटी माहिती मिळते. पण 'हे सगळं मिळून कसं वापरायचं' हे समजायला पुस्तक लागतं. तेही आतच आहे.

कंट्रोल-एच, मग आय. 'इन्फो' नावाचं वाचनालय उघडतं, मशिनवर असलेल्या सगळ्या मॅन्युअलांची यादी. ऑर्गचं मॅन्युअल थेट हवं असेल तर कंट्रोल-एच, मग मोठा आर, मग ऑर्ग टाइप करून एंटर. तुमच्या जुन्या आवृत्तीत ही कळ नसेल तर ऑल्ट-एक्स आणि 'इन्फो-डिस्प्ले-मॅन्युअल'.

मॅन्युअलमध्ये फिरायला एवढ्या कळा पुरतात:

- स्पेस: पुढे वाचत जा.
- आय: सूची. शब्द टाका, त्या विषयाच्या पानावर जा. पहिलं पान हवं ते नसेल तर स्वल्पविराम दाबा, पुढचं येतं.
- एस: सगळ्या पुस्तकात शब्द शोधा.
- यू: एक पातळी वर.
- एल: जिथून आलात तिथे परत.
- क्यू: बंद.

यातली 'आय' सगळ्यात कामाची. पुस्तक पहिल्या पानापासून वाचायला आपल्यापैकी कुणाला वेळ आहे? गिऱ्हाईक काउंटरवर उभं असतं. सूची उघडा, नेमकं पान बघा, कामाला लागा.

आणि माहिती कोणत्या पुस्तकात असेल हेच माहीत नसेल तर ऑल्ट-एक्स, 'इन्फो-अप्रोपो' (शेवटी इंग्रजीत एस आहे, उच्चार होत नाही). मशिनवरच्या सगळ्या मॅन्युअलांच्या सूच्या ते एकदम तपासतं.

एक अडचण आधीच सांगून ठेवतो. लिनक्सच्या डेबियनवर ईमॅक्स टाकलं तर त्याची मुख्य मॅन्युअलं सोबत येत नाहीत. मॅन्युअलांचा परवाना डेबियनच्या नियमांत बसत नाही, म्हणून ती वेगळ्या पॅकेजमध्ये ठेवली आहेत. त्या पॅकेजचं नाव 'ईमॅक्स-कॉमन-नॉन-डीएफएसजी'. इन्फोची यादी रिकामी-रिकामी वाटली तर मशिन बिघडलं असं समजू नका, हे पॅकेज टाका.

पायरी ५: बाहेरून आणलेली पॅकेजं

ईमॅक्सबरोबर आलेल्या गोष्टींना सहसा मॅन्युअल असतं. नेटवरून घेतलेल्या पॅकेजांचं तसं नसतं. काहींचं भरभक्कम पुस्तक असतं, उदाहरणार्थ मॅजिट. काहींचं एक पानही नसतं. तेव्हा या क्रमाने बघा:

१. कंट्रोल-एच, मग मोठा पी, मग पॅकेजचं नाव. आवृत्ती कोणती, ते कशासाठी आहे, त्याला आणखी कोणती पॅकेजं लागतात, आणि लेखकाने लिहिलेली माहिती, हे सगळं इथे दिसतं. (छोटा पी दाबलात तर विषयवार यादी उघडते. तीही कधीतरी चाळा.)

२. इन्फोच्या यादीत त्याचं नाव आहे का बघा.

३. काहीच नसेल तर ऑल्ट-एक्स, 'फाइंड-लायब्ररी' आणि पॅकेजचं नाव. मूळ फाइल उघडेल. प्रोग्रॅमिंग येत नसलं तरी घाबरू नका. बहुतेक फाइलींत वरच्या बाजूला 'कॉमेंटरी' असा मथळा असतो आणि त्याखाली साध्या इंग्रजीत हे काय आहे, कसं चालू करायचं, हे लिहिलेलं असतं. तेवढंच वाचा आणि बंद करा. मिक्सरच्या खोक्यात येतो तो घडीचा कागद समजा. आपण तो न उघडता फेकतो आणि मग दुकानदाराला फोन करतो.

मराठीत टाइप करणाऱ्यांसाठी

गिऱ्हाइकांची नावं मराठीत लिहिताना विंडोजचा किंवा लिनक्सचा कीबोर्ड मराठीवर केलात तर ईमॅक्सच्या कळा चालेनाशा होतात, कारण ईमॅक्सला 'एच'च्या जागी भलतंच अक्षर पोचतं. त्याऐवजी ईमॅक्सची स्वतःची सोय वापरा. कंट्रोल आणि उलटी तिरकी रेघ दाबा, नाव विचारलं की 'देवनागरी-इनस्क्रिप्ट' निवडा. पुन्हा तीच कळ दाबली की इंग्रजी. मराठी चालू असतानाही कंट्रोलच्या कळा नीट चालतात.

कुठल्या बटणावर कोणतं अक्षर आहे? तेही आत लिहिलेलं आहे: कंट्रोल-एच, मग मोठा आय, मग पद्धतीचं नाव. अख्खा तक्ता समोर येतो.

काकांचं उत्तर कसं सापडलं

आता परत त्या रविवारी जाऊ. नेट नाही, सहा जण बघतायत, काका वही काढायच्या बेतात.

मी त्यांच्या खुर्चीत बसलो नाही. कळा त्यांनाच दाबायला सांगितल्या. कंट्रोल-एच, मोठा आर, ऑर्ग, एंटर. मग एस, आणि शोधायला 'टेम्पो' हा शब्द, कारण हा शॉर्टकट आता 'ऑर्ग-टेम्पो' नावाच्या भागात गेलाय एवढं मला अंधुक आठवत होतं. मला ते आठवलं नसतं तरी काकांना ब्लॉक टाकायची कळ पायरी १ च्या यादीतच मिळाली असती.

पान उघडलं. त्यावर दोन्ही गोष्टी होत्या. एक, ब्लॉक टाकायची आताची कळ: कंट्रोल-सी, मग कंट्रोल आणि स्वल्पविराम. छोटी यादी येते, त्यात ई दाबलं की एक्झाम्पल ब्लॉक. दोन, जुनाच शॉर्टकट हवा असेल तर सेटिंगमध्ये ऑर्ग-टेम्पो कसं चालू करायचं तेही. (टर्मिनलमध्ये कंट्रोल-स्वल्पविराम बहुधा पोचत नाही. तिथे ऑल्ट-एक्स आणि 'ऑर्ग-इन्सर्ट-स्ट्रक्चर-टेम्प्लेट'.)

काकांनी कळ दाबली, यादी आली, ई दाबलं, ब्लॉक आला. ते स्क्रीनकडे बघत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे हे तीन दिवस इथेच लिहिलेलं होतं?"

हो काका. इथेच होतं. हे मी व्हिडिओत सांगायला हवं होतं, ते सांगितलं नाही.

मग व्हिडिओ कशाला बघायचे?

काही जण विचारतील, सर, मग तुमचं काम काय? माझं काम म्हणजे अमुक गोष्ट करता येते, आणि ती आपल्या धंद्यात कुठे उपयोगी पडते, हे दाखवणं. मॅन्युअल लिहिणाऱ्याला तुमची उधारीची वही माहीत नाही, मला माहीत आहे. पण 'नेमकी कळ कोणती' याबाबत मॅन्युअल आणि मी यांच्यात फरक पडला, तर मॅन्युअलवर विश्वास ठेवा. माझा व्हिडिओ ज्या दिवशी केला त्या दिवसाचा आहे. मॅन्युअल तुमच्या आवृत्तीसोबत आलेलं आहे.

इंग्रजी वाचायला लागतं, हे खरं. पण ते ठरावीक शब्दांचं इंग्रजी आहे. आठवडाभर रोज एक पान वाचलंत की तेच तेच शब्द परत येतात. जीएसटीचा फॉर्म पहिल्यांदा भरलात तेव्हा किती शब्द ओळखीचे होते? तसंच आहे हे.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. एखादी गोष्ट चालली नाही तर 'माझंच चुकलं' असं लगेच धरून चालू नका. आधी मशिनला विचारा.

या आठवड्याचा गृहपाठ

१. तुमच्या ऑर्ग फाइलमध्ये कंट्रोल-एच, एम दाबा आणि आजवर न वापरलेल्या तीन कळा वहीत लिहा.

२. त्या तिन्ही कंट्रोल-एच, के ने विचारून बघा.

३. ऑर्गच्या मॅन्युअलमध्ये आय दाबून तुमच्या धंद्याच्या कामाचा एक शब्द शोधा.

४. ऑल्ट-एक्स, 'ऑर्ग-व्हर्जन' चालवून आवृत्ती लिहून ठेवा. पुढे प्रश्न विचाराल तेव्हा ही आवृत्ती आधी सांगा.

हे सगळं विसरलात तरी एकच कळ लक्षात ठेवा: कंट्रोल-एच, आणि परत कंट्रोल-एच. मदतीच्या सगळ्या कळांची यादी तिथेच आहे.

२०१९ च्या त्या व्हिडिओखाली मी दुरुस्ती लिहिली आहे. माझ्या आणखी कुठल्या व्हिडिओतली कळ तुमच्याकडे चालत नसेल तर जरूर कळवा. पण आधी मॅन्युअलमध्ये बघा, आणि काय सापडलं तेही कळवा.

भेटू पुढच्या रविवारी. पुढचा विषय: उधारीच्या टेबलमध्ये आपोआप बेरीज करणारं सूत्र. येताना मॅन्युअलमधलं 'स्प्रेडशीट'चं पान वाचून या!